उस्ताद कमलिनीबाई आणि काळा चष्मा

भोपाळच्या सोनागिरी वसाहतीत कमलिनीबाई गावंडेंना 'तुम्हाला हे येतं का?' असं विचारायची पद्धत नव्हती. विचारणाऱ्याला आधी स्वतःला काय काय येत नाही त्याचा पाढा ऐकावा लागे, आणि तेवढा वेळ कुणाकडे नसतो. पापडाचं पीठ कुटण्यापासून सोयरिकीची बोलणी फिसकटवण्यापर्यंत या वसाहतीत जे जे होई, त्यात शेवटचा शब्द त्यांचा. शाळा चौथीपर्यंत. पण ती चौथी त्या अशा थाटात सांगत, की पुढच्या इयत्ता सरकारने उगाच वाढवून ठेवल्यात असं ऐकणाऱ्याला वाटावं.

तेव्हा श्रावणाच्या तोंडावर जे झालं ते त्यांच्या स्वभावामुळे झालं, असं म्हणता येईल. फक्त त्यांच्यासमोर म्हणू नये.

भोपाळातल्या मराठी महिला मंडळांची मंगळागौरीच्या खेळांची स्पर्धा असते. कोलार रोडच्या बायका दर वर्षी ढाल घेऊन जातात आणि जाताना 'तुमचंही छान झालं हं' असं सांगून जातात. हरणं एक वेळ सोसतं, हे सोसत नाही. म्हणून सोनागिरीच्या मंडळाची सेक्रेटरी ऋचा बैठकीत म्हणाली, यंदा आपण प्रशिक्षक नेमू. ऋचा बँकेत आहे. कुठल्याही गोष्टीला एक जबाबदार माणूस चिकटवल्याशिवाय तिला चैन पडत नाही. सगळ्यांच्या माना कमलिनीबाईंकडे वळल्या. साठी उलटलेली, कपाटात नऊवारी, आवाज पलीकडच्या अयोध्या नगरपर्यंत जाणारा. अजून काय पाहिजे?

कमलिनीबाई खरं तर तिथेच नाही म्हणणार होत्या. पण तेवढ्यात खिडकीजवळून सुमन केतकर बोलल्या. सुमनबाई शेजारच्याच. त्यांचे यजमान पुण्याहून इथल्या कारखान्यात बदलून आले त्याला जमाना झाला, तरी बाई अजून पुण्याहून काल आल्यासारखं बोलतात.

"पण गावंडेवहिनी तर विदर्भातल्या. तुमच्याकडे मंगळागौर असते का हो?"

प्रश्न साधा होता. सुमनबाईंचे सगळेच प्रश्न साधे असतात. सुईसुद्धा साधीच असते.

"आमच्याकडं काय नसते ते विचारा," कमलिनीबाई म्हणाल्या. "अन् ऋचा, लिव माझं नाव."

आता खरी गोष्ट अशी, की मंगळागौर त्यांनी फक्त टीव्हीवरच्या मालिकेत पाहिली होती, तीही मधेच कढी उतू गेल्यामुळे अर्धी. आर्वीकडच्या त्यांच्या गावात बसायची ती भुलाबाई. रोज संध्याकाळी पोरींनी गाणी म्हणायची आणि मग बंद डब्यात खाऊ काय आहे ते ओळखायचं. ओळखण्यात कमलिनीबाईंचा हात धरणारी पोर पंचक्रोशीत नव्हती, डबा कानाशी हलवला की सांगत. पण डबा हलवून फुटाणे ओळखण्याची विद्या घेऊन कोलार रोडला कसं हरवणार?

आणि त्याहून अवघड म्हणजे संघात मृणाल होती. मृणाल ही सून, कौस्तुभची बायको, पुण्याची. म्हणजे मंगळागौर जिथे खाणीतून निघते तिथली. ती सासूचं ऐकायची ते सासूला सगळं येतं या समजुतीवर. ती समजूत एकदा गेली की घरात उरलं काय? दोन बायका आणि एक कुकर.

मात्र कमलिनीबाईंची एक खोड चांगली होती. न येणाऱ्या गोष्टीची त्यांना लाज वाटे ती नंतर, आधी त्यांना चौकशा सुचत. मंगळागौर राहू दे बाजूला, आधी हा प्रशिक्षक म्हणजे काय प्राणी असतो ते पाहावं, म्हणून त्या दुसऱ्या दिवशी भाजीची पिशवी घेऊन मैदानावर गेल्या. तिथे विक्रांत नावाचा तरुण पोरांना क्रिकेट शिकवतो. पोरं धावत होती आणि हा झाडाखाली खुर्ची टाकून बसला होता.

"बेटा, तू खुद क्यों नहीं खेलता?"

"घुटना गया है, आंटी जी."

"फिर सिखाता कैसे है?"

"देखता हूं. बच्चा बाकी सब देख सकता है, खुद को नहीं देख सकता. तो मैं देख देता हूं."

कमलिनीबाईंना हे नवल वाटलं. नुसतं पाहायचे पैसे मिळतात हे आधी कळतं तर त्यांनी गल्लीकडून केवढी वसुली केली असती.

"अन् डर नहीं लगता? किसीने बोल दिया के इसको कुछ नहीं आता, तो?"

विक्रांत हसला. "पहले साल बहुत लगा. इसीलिए तो ये." त्याने डोळ्यांवरचा काळा चष्मा उचलून दाखवला. "बच्चों को पता नहीं चलना चाहिए मैं किधर देख रहा हूं. और एक सीटी ले लो, आंटी जी. जब कुछ न सूझे, बजा दो."

घरी आल्याबरोबर त्यांनी नारायणरावांच्या कपाटातला काळा चष्मा काढला. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर मिळतो तो, कडेनेही बंद, वेल्डिंगवाल्यासारखा. नारायणराव कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेले आणि तेव्हापासून पेपराच्या मागे राहणारे. ते पेपर खाली करून बघत राहिले.

"डोळ्याले काय झालं?"

"काही नाही. तुमच्या कारखान्यात ज्याले काही येत नाही तो साहेब झाला, तर तो काय करे?"

नारायणरावांनी मन लावून विचार केला. निवृत्तीनंतर त्यांना पहिल्यांदाच कुणी कामाचं विचारलं होतं. "आमचा एक फोरमन होता. त्याले मशीन चालू कुठून होते तेही माहीत नव्हतं. तो दोनच शब्द बोले. 'दाखव बघू' अन् 'पुन्हा'. आपण दाखवायचं, तो मान हलवे, 'पुन्हा' म्हणे. तिसऱ्यांदा आपोआप बरोबर यायचं."

"मंग?"

"मंग काय. प्रमोशनवर गेला तो."

तालमीला जागा हवी होती. वसाहतीचा हॉल मिळतो, पण कार्यालयात अर्ज लागतो. तिथला कारकून दिगंबर वानखेडे मराठी असल्याने काम पटकन होईल असं ऋचाला वाटलं. मराठी माणूस खुर्चीत बसला की त्याला मराठी माणसाचं काम सगळ्यात शेवटी करून आपला निःपक्षपातीपणा सिद्ध करायचा असतो, हे तिला कुठून ठाऊक?

"खेळाचं नाव?" दिगंबरने विचारलं.

"मंगळागौर," कमलिनीबाई म्हणाल्या.

तो संगणकात शोधू लागला. "बॅडमिंटन आहे, कॅरम आहे, योगा आहे, ज्युडो आहे, कुश्ती आहे. मंगळागौर नाही. 'अन्य' मधे टाकलं तर फाइल वर जाईल."

"परत कधी येईल?"

"वर गेलेलं परत येतं का, काकू? बरं, खेळात करतात काय?"

कमलिनीबाईंना नेमकं हेच सांगता येत नव्हतं. पण गप्प बसणं त्यांना त्याहूनही कमी येई. "दोन-दोन बाया हात धरतात," त्या मालिका आठवत म्हणाल्या. "गरगर फिरवतात. बसतात, उठतात, एकमेकींच्या अंगावरून जातात. घाम निघते."

दिगंबरने एक बटण दाबलं आणि काम झालं म्हणाला.

तालमीच्या पहिल्या दिवशी हॉलच्या दारावर फलक होता. कमलिनीबाईंनी चष्मा वर करून अक्षर-अक्षर लावत आपलं नाव वाचलं. श्रीमती कमलिनी गावंडे, कोच. त्यांचं नाव आजवर रेशनकार्ड सोडून कुठे छापलं गेलं नव्हतं. त्या तिथेच उभ्या राहिल्या, त्यामुळे वरची मोठी ओळ मृणालने वाचली. महिला कुश्ती.

"आई, हे कुस्ती लिहिलंय."

"लिहू दे. नाव शुद्ध आहे ना?"

दाराशी बसलेला चौकीदार केशव खाडकन उठला, कपाळाला हात लावला आणि म्हणाला, "राम राम, उस्ताद जी." कमलिनीबाईंची मान कुठे आणि किती ताठ झाली हे सांगायला नको. त्या आत शिरल्या आणि काळ्या चष्म्यामुळे समोर दिसलेल्या उंच बाईला "बाजूला हो की" म्हणाल्या. तो खांब होता. पण सुरात इतकी जरब होती, की सगळ्या बायका दोन पावलं मागे सरकल्या.

"झिम्मा दाखवा बघू," त्या म्हणाल्या आणि खुर्चीत बसल्या.

बायकांनी झिम्मा सुरू केला. प्रत्येकीने तो फोनवर बघून शिकला होता, आणि प्रत्येकीने वेगळ्या फोनवर. संघातली स्नेहा डावीकडे वळली, मृणाल उजवीकडे, ऋचा मोजत होती म्हणून वळलीच नाही. दोन कपाळांचा आवाज हॉलभर घुमला. सगळ्यांनी कोचकडे पाहिलं. काळ्या काचांमागे काही हललं नाही. कारण तिथे कमलिनीबाईंना एकच प्रश्न पडला होता, हे असंच असतं का?

"पुन्हा," त्या म्हणाल्या.

ही विद्या चालली. बायकांना वाटे, काकूंचा दर्जा फार वरचा आहे, म्हणून त्या बोलत नाहीत. घागर फुंकायला योग्य घागर सापडेना म्हणून स्नेहाने ऑफिसातला पाण्याचा रिकामा जार आणला. त्यातून असा भोंगा निघाला, की शेजारच्या ज्युडोवाल्यांनी आग लागली समजून मॅट सोडून पळ काढला. काकू म्हणाल्या, पुन्हा. सूप नाचवताना सूप हातातून सुटून पंख्यावर गेलं आणि पंख्याने ते परत पाठवलं. काकूंनी शिट्टी वाजवली. कशासाठी ते कुणी विचारलं नाही.

रोज पाहून पाहून मात्र कमलिनीबाईंना एक चमत्कारिक गोष्ट व्हायला लागली. दिसायला लागलं. स्नेहा वळायच्या आधी डोळे मिटून घेते, म्हणून धडकते. ऋचा तोंडाने मोजते, म्हणून पाय नेहमी आकड्याच्या मागे राहतो. "ऋचा, बँक बंद झाली, मोजू नको," असं त्या एक दिवस म्हणाल्या आणि ऋचाचं पाऊल बरोबर पडलं. कमलिनीबाईच जास्त चकित झाल्या. आणि मृणाल? मृणाल प्रत्येक पावलाआधी सासूकडे बघायची. परीक्षा घेते आहे, कमलिनीबाईंनी मनात म्हटलं. बघ म्हणावं, काच काळी आहे.

पण सुमनबाईंना काचेच्या आतलं बघायची घाई होती. त्या रोज स्वतःची खुर्ची घेऊन तालीम बघायला येत.

"वहिनी, एकदा तुम्हीच बसफुगडी करून दाखवा ना. पोरींना कळेल तरी."

"गुडघे," कमलिनीबाई म्हणाल्या.

"अय्या, परवा तर तुम्ही भंगारवाल्याच्या गाडीमागे चौकापर्यंत पळालात."

"तेव्हापासूनच."

त्यानंतरच्या आठवड्यात ऋचा नवा नियम घेऊन आली. यंदा प्रत्येक संघाच्या प्रशिक्षिकेने स्वतः मंचावर एक खेळ सादर करायचा, कारण गेल्या वर्षी एका मंडळाने प्रशिक्षिका म्हणून ब्यूटी पार्लरवालीचं नाव दिलं होतं. सुमनबाईंनी नुसती खुर्ची थोडी पुढे घेतली.

त्या दिवसापासून कमलिनीबाईंचा अंदाज डळमळू लागला. डोळे मिटून मूठ सोडली तरी वरणात मीठ बरोबर पडायचं अशी ती बाई, पळीवर घेऊन चाखायला लागली. एकदा चाखायची, मग पुन्हा चाखायची. आणि चाखल्यावरही खात्री होईना.

"आई," एका सकाळी मृणाल कणीक मळता मळता म्हणाली, "आठवडाभर तुम्ही वरण चाखून बघताय."

"मीठ बदललं आहे. पाकीट नवीन आहे."

मृणालने थोडी कणीक उगाच मळली. "एक सांगू? रागावू नका. मला मंगळागौर येत नाही."

कमलिनीबाईंनी पळी खाली ठेवली. "तू तर पुण्याची."

"आमच्या सोसायटीत पैसे देऊन ग्रुप बोलवायचे. त्या बायका नाचायच्या आणि आम्ही खुर्च्यांवर बसून ढोकळा खायचो. इथे आले तर सगळ्या म्हणाल्या, तू पुण्याची, तुला येतच असणार. मग नाही कसं म्हणणार? म्हणून तर मी सारखी तुमच्याकडे बघते. चुकलं तर तुमच्या चेहऱ्यावर कळेल म्हणून. पण तो चष्मा."

वरण खदखदत होतं. कमलिनीबाईंनी गॅस बारीक केला. इतके दिवस ही माझ्याकडे बघते आणि मी हिच्याकडे, आणि दोघींच्या मधे काळी काच. हसावं की रडावं ते त्यांनी नंतर ठरवायचं ठेवलं. दुसरी एखादी सासू असती तर तिने या वेळी सुनेच्या गळ्यात पडून मलाही येत नाही गं असं सांगितलं असतं. कमलिनीबाई तसल्या नव्हत्या.

"मले माहीत होतं तुले येत नाही ते," त्या म्हणाल्या. "त्याच्यासाठीच तर मी नाव दिलं."

मृणालने मान खाली घातली. पण तिचे खांदे हलत होते. हसते आहे की काय, ते पाठमोरं कळेना.

स्पर्धेच्या दिवशी सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. सोनागिरीचा झिम्मा कुणीही न धडकता पार पडला, घागर भोंग्यासारखी न वाजता घागरीसारखी वाजली. स्नेहाने डोळे उघडे ठेवले होते, एवढे की मागच्या रांगेतली पोरं घाबरली. मग प्रशिक्षिकांची पाळी आली. कोलार रोडच्या बाईंनी दोन्ही हातांत दोन सुपं नाचवली आणि शेवटी परीक्षकांना वाकून नमस्कार केला, तोही तालात.

"आता सोनागिरीच्या प्रशिक्षिका, श्रीमती कमलिनी गावंडे."

त्या मंचावर गेल्या. नऊवारी, गळ्यात शिट्टी, डोळ्यांवर काळा चष्मा. समोरचं काही दिसत नव्हतं हे एक बरं होतं. काय करावं? डबा असता तर हलवला असता. मग त्यांच्या तळपायांना आपोआप आठवलं, की फुगडी तर आर्वीकडेही घालतात. अंगणात, साधी, उभ्याची. तिला मंगळागौर लागत नाही, तिला एक दुसरी बाई लागते.

दुसरी बाई पहिल्याच रांगेत स्वतःची खुर्ची घेऊन बसली होती.

"सुमनताई, या वर," कमलिनीबाई म्हणाल्या. "एकटीची फुगडी असते काय?" मनात हिशेब एवढाच, की पडायचं झालं तर एकटीने का पडा?

सगळ्या सभागृहासमोर, त्यातही कोलार रोडसमोर, नाही म्हणणं शक्य नव्हतं. सुमनबाई वर आल्या. त्यांनी हात पुढे केले ते बर्फासारखे गार होते.

"वहिनी," त्या ओठ न हलवता म्हणाल्या, "मला येत नाही."

"काय येत नाही?"

"फुगडी. कधी घातलीच नाही. आई म्हणायची, पडशील."

कमलिनीबाईंना त्या क्षणी राग यायला हवा होता. वाटलं भलतंच. एवढी टोचणारी बाई, आणि जन्मात एक फुगडी नाही? मग ही रोज खुर्ची घेऊन बघायला येत होती ते काय बघायला?

"हात असे. तिढा घाल. अंगठा माझ्या अंगठ्याला भिडव. आता मागं वाक."

"पडेन."

"मी धरलं आहे. मी सोडलं तर मीही पडतो. मी काय येडी आहो?"

दोघी फिरायला लागल्या. आधी दळण सांडल्यासारख्या, मग जरा गोल. "खाली पाहू नको. माझ्याकडं पाहा. बाकी भोपाळ फिरू दे." वेग वाढला तसा काळा चष्मा कानांवरून सुटला, हवेत उडाला आणि परीक्षकांच्या टेबलावर चहाच्या कपात जाऊन उभा राहिला. कमलिनीबाईंना एकाएकी सगळं लख्ख दिसलं. समोर सुमनबाईंचं तोंड, डोळे विस्फारलेले, अंबाडा सुटलेला, आणि त्या हसत होत्या. आठ-नऊ वर्षांची पोर हसते तसं, आवाज न आवरता. बाजूला मृणाल टाळ्यांचा ठेका धरून उभी होती आणि थेट सासूच्या डोळ्यांत बघत होती. आता मधे काही नव्हतं.

थांबायचं कसं हे सुमनबाईंना सांगायचं राहून गेलं होतं. त्यामुळे दोघी शेवटी मंचावर एकदम बसल्या. परीक्षकांपैकी एकीने विचारलं, ही तुमच्याकडची बसफुगडी का? कमलिनीबाई म्हणाल्या, हो.

ढाल कोलार रोडनेच नेली. सोनागिरीचा तिसरा नंबर आला. मंडळं चारच होती, पण हे विचारल्याशिवाय सांगायची गरज नाही.

येताना गाडीत सुमनबाईंनी सुटलेला अंबाडा पुन्हा बांधला. मग म्हणाल्या, "पुढच्या वर्षी मला घ्याल संघात?"

"पाहू," कमलिनीबाई म्हणाल्या. "पाय जड आहेत तुझे. पण धरतेस घट्ट."

दुसऱ्या दिवशी सकाळी नारायणराव चष्मा शोधत होते. "कपाटातच होता."

"चहात पडला. राहू दे, मले त्याच्यातून काही दिसत नव्हतं." त्यांनी वरणात न बघता मूठ सोडली. तेवढ्यात दारात दिगंबर वानखेडे उभा. हातात लाडवांचा बंद डबा, तोंडावर आनंद.

"काकू, अभिनंदन. दसऱ्यानंतर सगळ्या वसाहतींची महिला कुश्ती आहे. दुसऱ्या कुठल्याच वसाहतीची टीम नाही, कागदावर फक्त आपली आहे, म्हणून साहेबांनी परस्पर तुमचं नाव पाठवलं. वरून मंजूरसुद्धा झालं."

मृणालची पोळी तव्यावर फुगायची थांबली. "आई, सांगा ना त्यांना. तुम्हाला कुस्ती..."

कमलिनीबाईंनी सुनेकडे असं पाहिलं, की पुढचं वाक्य तिने पोळीसारखं उलटवलं. "...म्हणजे, तालीम कधीपासून?"

"सोमवारपासून. सुमनताईलेही सांग, साडी बदलून ये म्हणा." त्यांनी दिगंबरला पाणी दिलं, लाडवाचा डबा सवयीने कानाशी धरून हलवला, "बेसनाचे," म्हणाल्या, आणि तो गेल्यावर नारायणरावांच्या समोरचा पेपर हळूच खाली केला.

"काहो," त्यांनी आवाज अगदी बारीक करून विचारलं, "कुस्तीत पहिले काय पकडतात?"